चारशे ग्रॅमची जुडी

"बादली कुठाय?"

"कुठली बादली, मावशी?"

"पहिल्यांदाच बघतेयस मला? कचऱ्याची बादली. कालपर्यंत ओट्याखाली होती, आज तिथं फुलदाणी बसवलीयस."

"अहो, बरोबर साहेब आलेत. म्हटलं, घाण कशाला दाखवायची."

"साहेब घाणच बघायला आलेत, बाई. आण."

सून खालमानेनं मागच्या सज्जात गेली आणि बादली घेऊन आली. बादलीवर झाकण, झाकणावर धुतलेलं फडकं, जणू आत पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं काहीतरी गोडधोड असावं. मावशीनं फडकं बाजूला केलं, फरशीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि बादली उपडी केली. बटाट्याच्या साली, कांद्याची टरफलं, टोमॅटोचे देठ, केळ्याच्या दोन काळ्या पडलेल्या साली आणि गाजरांची शेंडाबुडखं. तिनं बोटांनी भराभर पाच ढीग पाडले. ओट्यावरचा आपला काटा खाली घेतला, त्यावर पत्र्याची ताटली ठेवली, आकडा शून्यावर आणला. मग एकेक ढीग ताटलीत चढवायचा, आकडा तोंडानं म्हणायचा, पेन्सिलीनं लिहायचा आणि ढीग परत बादलीत टाकायचा, असं तिचं सुरू झालं.

साहेब स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते. एक हात फायलीवर, दुसरा नाकाच्या आसपास.

"रोज हे असं?"

"रोज. तुम्ही दाढी करता तसं."

आतल्या खोलीतून सासूबाई खुदकन हसल्या. त्या ह्या घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून मावशी येत होती. तेव्हा त्यांनीही बादली लपवली होती. पलंगाखाली.

हिला सगळी वस्ती सालपटमावशी म्हणते. सरकारी कागदावर ती 'क्षेत्र पाहणी सेविका' आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती स्वतःसुद्धा वळून बघणार नाही. देशातली माणसं भाज्या आणि फळं किती खातात, दरवर्षी कमी होतं की जास्त, हे मोजायचं एक खातं आहे. त्या खात्यात ती सत्ताविसाव्या वर्षी चिकटली आणि यंदा तिला नोकरीचं तिसावं वर्ष लागलं. चाळीस घरं तिच्या वाट्याची. प्रत्येक घराचा वर्षातला एक आठवडा. सात दिवस रोज त्या घरी जायचं, आलेली भाजी आणि फळं तोलायची, दुसऱ्या दिवशी बादलीत काय पडलं ते तोलायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरलं ते पोटात गेलं. एवढाच हिशेब. शाळेत गणितात कशीबशी पास झालेल्या बाईनं तीस वर्षं ही एकच वजाबाकी केली आणि कधी चुकली नाही.

तिला शिकवलं ते पहिल्या निरीक्षकांनी. थोराड माणूस, मिशा झाडूसारख्या, आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या बायकाही आपापल्या बादल्या बाहेर काढायच्या. ते म्हणायचे, "माणसाला विचारलंस तर तो काय खायला हवं होतं ते सांगतो. बादलीला विचारलंस तर काय खाल्लं ते सांगते." पुढं ते गेले, खात्यात नवी माणसं आली, आणि तिच्या नोकरीच्या तिसऱ्याच वर्षी एक हुकूम आला: काटे जमा करा. घरोघर तोलत बसण्यात वेळ जातो. यापुढं विचारून लिहा, किती जुड्या, किती गड्डे, किती नग. ग्रॅम काय ते मुख्य कचेरी तक्ता बघून काढील.

सगळ्यांनी काटे जमा केले आणि सुटकेचा निःश्वास टाकला. हिनंही आपला जमा केला. मग बाजारात जाऊन स्वतःचा एक काटा विकत आणला.

फॉर्मात दोन रकाने होते. एक 'जुडी / नग', दुसरा 'ग्रॅम'. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, दोन्हींपैकी एक भरला तरी चालेल. बाकीच्या सेविका पहिला भरत. ही दोन्ही भरायची. "अर्धवट पुसलेली फरशी मला बघवत नाही," एवढंच तिचं कारण.

लोकांची सोंगं तिला तोंडपाठ होती. पाहणीचा आठवडा आला की घराघरांत फळांच्या परड्या उगवायच्या. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या घरी टेबलावर चार लालबुंद सफरचंदं होती. हिनं तोलली, लिहिली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर गेली तर टेबलावर चार लालबुंद सफरचंदं. हिनं एक उचललं, देठापाशी बघितलं आणि काट्यावर ठेवलं.

"वहिनी, हे सफरचंद माझ्या ओळखीचं आहे."

"म्हणजे?"

"वरच्या मजल्यावर भेटलो होतो आम्ही. देठापाशी हा असाच चिमटा. तेव्हा दोनशे बारा ग्रॅम भरलं होतं, आज दोनशे सात. पाच ग्रॅम वाळलंय बिचारं. जिने उतरून."

वहिनी लाजेनं त्या सफरचंदांपेक्षा लाल झाल्या. मावशीनं फॉर्मात फळांपुढं शून्य लिहिलं आणि कडेला टीप दिली: 'सफरचंदे पाहुणी.' मुख्य कचेरीत त्या टिपेवरून म्हणे दोन दिवस पत्रव्यवहार झाला.

पण सोंगं सोडून द्या. सोंगांखालून घर बदलत होतं ते तिला दिसत होतं. पहिल्या वर्षांत घरात अख्खा लाल भोपळा यायचा, तो फोडायला घरातला सगळ्यात दणकट माणूस लागायचा आणि नुसती साल अर्धा किलो भरायची. मग भोपळ्याच्या फोडी यायला लागल्या. मग तो यायचाच थांबला. मटारच्या दिवसांत अख्खं घर फरशीवर बसून शेंगा सोलायचं, निम्मे दाणे तिथंच तोंडात जायचे, बादली टरफलांनी ओसंडायची. पुढं मटार गोठवलेल्या पाकिटातून यायला लागला. बादली रिकामी, पण मटार तेवढाच. म्हणून ही पाकिटंही तोलायची. नुसत्या बादलीवर विसंबणारी ती नव्हती. केळी वाढली. केळं आपला अंगरखा घालूनच येतं, त्याला सुरी नको, ताटली नको, चालता चालता खाता येतं. टोमॅटो वाढला, बटाटा तर घरचाच जावई. संत्र्यांची जागा संत्र्याचं चित्र असलेल्या खोक्यांनी घेतली, आणि लोक ती खोकी तिच्यापुढं करून म्हणायचे, "लिहा, फळं." ती खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून वेगळ्या ओळीत लिहायची, "साखरेचं पाणी, संत्र्याच्या ओळखीचं."

आणि पालेभाजी घटत गेली. कुणी ठरवून सोडली नाही. पालेभाजी निवडावी लागते. एक माणूस अर्धा तास मांडी घालून बसावा लागतो, पान न् पान बघावं लागतं, तीन पाण्यांतून धुवावं लागतं, आणि एवढं करून ती शिजल्यावर होते मूठभर. असं अर्धा तास बसणारं माणूस घरातून हळूहळू नाहीसं झालं. कुणी कामाला लागलं, कुणाचे गुडघे गेले. जे निवडावं लागतं ते कमी झालं, जे निवडावं लागत नाही ते वाढलं. मावशीला कुणी विचारलं असतं तर देशाचा तीस वर्षांचा अहवाल तिनं ह्या एका वाक्यात दिला असता. पण तिला विचारलं कुणी नाही. उलट कागद आला.

मुख्य कचेरीचा, दोन शिक्क्यांचा. आपल्या विभागातील पालेभाज्यांचे आकडे शेजारील सर्व विभागांच्या तुलनेत अविश्वसनीयरीत्या कमी आहेत. प्रत्यक्ष नोंदी घेतल्या जात आहेत किंवा कसे, याची शंका येते. अधिकारी पडताळणीस येतील. समाधानकारक खुलासा न झाल्यास आपल्या विभागाच्या सर्व वर्षांच्या नोंदी तीस वर्षांच्या राष्ट्रीय अहवालातून वगळण्यात येतील.

सरळ भाषेत सांगायचं तर, बाई घरी बसून आकडे लिहिते, तीस वर्षांचं सगळं काम काढून टाका.

तिचा नवरा किल्ल्या बनवतो. घराखालीच त्याचं टपरीएवढं दुकान आहे. त्यानं कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"एक वर्ष राहिलंय तुझं. लिहून दे, नजरचुकीनं झालं. सुटलीस."

"मी काय म्हणते, एखादी किल्ली कुलपाला लागली नाही, तर तुम्ही आधी काय घासता?"

"आधी काहीच घासत नाही. बिघाड किल्लीत आहे की कुलपात ते बघतो."

"मग?"

"मग काय! बघ तू तुझं कुलूप," तो म्हणाला आणि चष्मा परत नाकावर घेतला.

तर असे हे साहेब आज सकाळी आले होते. ह्या घरचा आज सातवा दिवस. माणूस तसा वाईट नव्हता. चाळिशीचा, नीटनेटका, आकड्यांवर जीव असलेला. अहवालातली मोठी आलेखाची रेघ त्यानंच काढली होती. पालेभाजीची रेघ तीस वर्षं जवळजवळ सपाट, शेवटी किंचित वर गेलेली. देशानं आपली पालेभाजी टिकवली, असं तिच्याखाली ठळक अक्षरात छापायचं ठरलं होतं. त्या सपाट रेघेखाली एकच वाकडी रेघ होती, घसरगुंडीसारखी खाली गेलेली. ती ह्या बाईची.

मावशी ढीग तोलून उठली, हात धुतले. साहेबांनी तिचा फॉर्म उचलला.

"या आठवड्यात पालेभाजीच्या जुड्या किती आल्या?"

"तीन. दोन आधी, तिसरी आज. आत्ता आल्या आल्या तोलली."

"आणि ग्रॅम लिहिलेत सहाशे चाळीस."

"दोनशे एकोणीस, दोनशे तेरा, दोनशे आठ. बेरीज करून बघा."

"बेरीज बरोबर आहे हो. पण तीन जुड्या म्हणजे बाराशे ग्रॅम होतात."

"कोण म्हणतं?"

"तक्ता." साहेबांनी फायलीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद काढला आणि बोट ठेवलं. "जुडी, एक: चारशे ग्रॅम. सगळा देश ह्यावर चालतो. मग तुमच्याच विभागातल्या जुड्या निम्म्या कशा?"

मावशीनं ओट्यावरची पालकाची जुडी उचलली. अजून सोडलेली नव्हती, बुडाशी रबर तसंच होतं. साहेबांच्या हातात दिली.

"धरा."

साहेबांनी धरली. एका हातात मावली, वर बोटं टेकली.

"ही लहान दिसतेय," ते म्हणाले.

"माझ्या वेळची जुडी दोन हातांत धरावी लागायची," सासूबाई आतून येत म्हणाल्या. गुडघ्यांमुळं त्या भिंतीला धरत चालत होत्या, पण तोंडाला आधार लागत नव्हता. "एका जुडीत पाच माणसं जेवायची. आता तिघांना एक पुरत नाही."

"काकू, आठवणीला वजन नसतं."

"तुमच्या तक्त्याला तरी कुठाय?"

सुनेनं तोंड फिरवून हसू दाबलं. साहेब मात्र काट्याकडं बघत होते. आकड्याचा माणूस, त्याला शंका यायची ती आलीच.

"काटा किती जुना आहे तुमचा? कमी दाखवत असेल."

मावशीनं पिशवी ओढली. पिशवीच्या तळाशी हात घातला आणि मोज्यात गुंडाळलेलं एक लोखंडी वजन काढलं. एक किलोचं, वजनमाप कचेरीचा यंदाचा शिक्का असलेलं. ताटलीवर ठेवलं. काट्यावर आकडा उमटला, एक हजार.

"दरवर्षी शिक्का मारून आणते. स्वतःच्या वेळात. पुढं?"

"मग ही तीन जुड्यांचीच गोष्ट असेल. एका घरावरून—"

"चला."

"कुठं?"

"बाजारात. दोन गल्ल्या टाकून आहे. सूनबाई, पालक निवडून ठेव, पण दांडे फेकू नकोस. आलेच."

बाजार म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छत्र्या, खाली प्लॅस्टिकचे क्रेट. पालेभाजीवाली मावशीच्याच वयाची, आवाजानं भाजी विकणारी. साहेबांची फाईल बघून तिनं भुवया उंचावल्या.

"आज जोडीनं? साहेब, घ्यायचीय की नुसती तोलायचीय? तोलून तोलून भाजीला नजर लागते."

"लागू दे. आठ जुड्या दे इकडं," मावशी म्हणाली.

तिच्याकडच्या आठ, पलीकडच्या दुकानातल्या सहा, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याच्या सहा. वीस जुड्या काट्यावर चढल्या आणि उतरल्या. आकडे ह्या वेळी साहेबांनी स्वतः लिहिले, कारण मावशीनं पेन्सिल त्यांच्या हातात दिली होती आणि स्वतः क्रेटवर बसून पाणी पीत होती. बेरीज चार हजार दोनशे वीस. भागिले वीस. दोनशे अकरा.

साहेबांनी पुन्हा भागाकार केला. दोनशे अकराच.

"जुडी एवढी बारीक कधी झाली?" त्यांनी भाजीवालीला विचारलं, म्हणजे चोरी पकडल्याच्या आवाजात.

"अहो, मी काय केलं? आधी जुडी मीच बांधायचे, सुतळीनं. सुतळी काय, जेवढी ओढाल तेवढी पुरते. आता शेतावरूनच बांधून येते. हे बघा, रबर. एकाच मापाचं. जास्त काड्या घातल्या की तटकन तुटतं. त्यात भाव वाढवला की गिऱ्हाईक गल्ली डोक्यावर घेतं. जुडी चार काड्यांनी बारीक केली तर कोण बघतं? दरवर्षी चार काड्या. जुडी मागितली, जुडी मिळाली. खोटं काय आहे त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. बाईनं घरी येऊन सांगायचं तीन जुड्या आणल्या, सेविकेनं लिहायचं तीन जुड्या, कचेरीनं गुणायचं चारशेनं. सगळे खरे, आणि गुणाकार झाला की जे निघायचं ते कुणाच्याच पोटात गेलेलं नसायचं.

साहेबांनी फोन काढला. दुसऱ्या दोन विभागांतल्या सेविकांना जवळच्या बाजारात जाऊन दहा-दहा जुड्या तोलायला सांगितलं. एकीनं विचारलं, "काटा कुठून आणू?" दुकानदाराचा घ्या म्हणाले. अर्धा तास ते रिकाम्या क्रेटवर बसून राहिले, भाजीवालीनं त्यांना बसल्या बसल्या दोन जुड्या विकल्या, मावशीनं शेंगावाल्याशी त्याच्या जावयाबद्दल गप्पा मारल्या. मग फोन वाजले. एकीकडं दोनशे पाच. दुसरीकडं दोनशे तीस.

"म्हणजे बाकी सगळा देश..." साहेब म्हणाले.

"देश जुड्या खातो, साहेब. ग्रॅम आमची चाळीस घरंच खातात."

"हा चारशेचा आकडा आणला कुणी पण?"

"मी."

साहेबांनी मान वर केली.

"कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात. निरीक्षकांनी नवे काटे दिले होते, सात-आठ जणी होतो. ह्याच गल्लीत आम्ही जुड्या तोलल्या, दुसऱ्या गावांतही कुणी कुणी तोलल्या असतील. चारशे भरली तेव्हा. खरोखरच भरली. निरीक्षकांनी आमच्या वह्या बघून तक्ता लिहिला." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "चुकलं असेल तर एवढंच चुकलं, की दरवर्षी परत तोला असं तक्त्याखाली लिहून ठेवलं नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं? पोराचा सदरा आपण दरवर्षी मापून शिवतो की नाही?"

साहेबांनी फायलीतून तो आलेख काढला. सपाट रेघ बघितली, घसरगुंडीची रेघ बघितली. मग त्या दुसऱ्या रेघेवरून बोट फिरवलं.

"अडचण अशी आहे," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज तपासणीचा नव्हता, एकाच दुकानात काम करणाऱ्या माणसाचा होता. "आज दोनशे, तेव्हा चारशे, एवढं कळलं. पण मधली वर्षं? कुठल्या वर्षी किती घटली? रेघ दुरुस्त करायची तर प्रत्येक वर्षाची जुडी पाहिजे. ती कुणी तोललेली नाही. काटे तर आम्हीच जमा करून घेतले."

"मी दोन रकाने का भरते, हे तुम्ही कागदात विचारलं नाहीत," मावशी म्हणाली.

"काय?"

"पहिल्यात जुड्या, दुसऱ्यात ग्रॅम. दोन्ही आहेत ना? भागा."

साहेबांनी फाईल परत उघडली. मग फायलीतले तिच्या विभागाचे जुने फॉर्म त्यांनी असे उपसले की दोन कागद पालकावर पडले. फोनवर आकडे मारले. दहावं वर्ष: तीनशे साठ. विसावं वर्ष: दोनशे नव्वद. मध्ये एका वर्षी एकदम वीस ग्रॅमनं घसरलेली.

"हे वर्ष बघ," ते भाजीवालीला म्हणाले. घाईत अहो-जाहो राहून गेलं. "ह्या वर्षी काय झालं?"

तिनं वर्ष ऐकलं, बोटांवर मोजलं. "रबर आलं त्या वर्षी."

साहेब हसले. सकाळपासून पहिल्यांदा. हसताना माणूस बराच बरा दिसत होता.

"मावशी, तुमच्या विभागाच्या नोंदी काढायला आलो होतो मी. आता त्यांच्यावरूनच बाकीच्या देशाच्या दुरुस्त कराव्या लागणार. एका विभागावरून देश तोलणं काही फार शहाणपणाचं नाही म्हणा, पण दुसरं आहेच काय?"

"वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणा ना."

"अहवाल लांबणीवर पडेल. वरचे साहेब माझं डोकं खातील. ते ठळक अक्षरातलं वाक्य तर त्यांनी स्वतः लिहिलंय."

"ते तुमचं तुम्ही निस्तरा. सोसायला पालक घ्या, रक्त वाढतं म्हणतात."

"दोन घेतल्या त्यांनी," भाजीवाली म्हणाली. "चारशे बावीस ग्रॅम. तोलून दिल्यात."

परत निघाले तेव्हा काटा मावशीच्या पिशवीत होता आणि लोखंडी वजन साहेबांच्या हातात. तिनं दिलं नव्हतं, त्यांनीच उचललं होतं. गल्लीत दोनदा त्यांनी ते ह्या हातातून त्या हातात घेतलं. एक किलो जड नसतं, पण दोन गल्ल्या वागवलं की कळतं.

घरी सुनेनं पालक निवडून ठेवला होता. ओट्यावर एका बाजूला हिरवीगार पानं, दुसऱ्या बाजूला दांडे आणि पिवळं. सासूबाई खुर्चीत बसून निवडलेलं परत निवडत होत्या.

"काय हो साहेब, आठवणीला वजन मिळालं का?"

"मिळालं, काकू. दोनशे अकरा."

साहेबांनी फाईल ओट्यावर ठेवली, तो दोन शिक्क्यांचा कागद काढला. 'वगळण्यात येतील' ह्या शब्दांवर सरळ एक रेघ मारली. खाली लिहिलं: नोंदी प्रत्यक्ष तोलून घेतल्याचे पडताळले. वगळू नयेत. जुडीच्या वजनाचा तक्ता रद्द करून या विभागाच्या नोंदींवरून वर्षवार नवा करावा. सही, तारीख. कागद मावशीपुढं धरला. तिनं शब्द न् शब्द वाचला, 'वर्षवार' वर बोट ठेवलं.

"ह्याच्या पुढं लिहा, दरवर्षी."

त्यांनी लिहिलं.

"आता तुमच्या रोजच्या नोंदींच्या मूळ वह्या लागतील. तिसाच्या तीस. मी आजच घेऊन जातो, गाडी खाली आहे."

"आज नाही."

"अहो, वर आज कळवलं तर—"

"वह्या घरी कपाटात आहेत, कुठं पळत नाहीत. उद्या या, एकेक वही मोजून घ्या, एकेकीची सही करून द्या. मग न्या. आज ह्या घरचा सातवा दिवस आहे आणि दांडे अजून राहिलेत."

ती बोलता बोलता ओट्यावर काटा मांडून, ताटली ठेवून कामाला लागलीही होती. साहेब बघायला पुढं वाकले, कोपर ओट्यावर ठेवलं. काट्यावरचा आकडा एकाचा तीन झाला, तिनाचा शून्य.

"ओट्याला टेकू नका, साहेब. काटा हलतो."

साहेब चटकन सरळ झाले. मावशीनं आकडा परत शून्यावर आणला, दांडे आणि पिवळी पानं ताटलीत ठेवली, हात बाजूला घेतला, आकडा ठरेपर्यंत थांबली.

"एकतीस," ती म्हणाली आणि लिहिलं. "सूनबाई, आता केळं कुणी खाल्लं ते सांग. मघाशी परडीत चार होती, आता तीन दिसतायत, आणि बादलीत नवी साल नाही."